थरथरणारे यंत्र

(शेतात व बागेत माती भुसभुशीत करण्यासाठी टिलर नावाचे लहान यंत्र वापरतात. चालताना ते थरथरते. ही थरथर कोठून येते, तिच्यातून काय ओळखता येते आणि ती माणसाच्या हाताला काय करते, याची माहिती या पाठात दिली आहे.)

बाकाच्या कडेवर एक पोलादी पट्टी ठेवा. तिचा अर्धा भाग बाहेर राहू द्या. बाकावरचा भाग एका हाताने घट्ट दाबा आणि बाहेरचे टोक खाली ओढून सोडून द्या. पट्टी भराभर वर-खाली हलू लागते. यालाच कंपन म्हणतात. आता पट्टीचा बाहेरचा भाग कमी करा. कंपने अधिक जलद होतात आणि आवाज बारीक येतो. प्रत्येक वस्तूची थरथरण्याची अशी एक स्वतःची चाल असते. ही गोष्ट लक्षात ठेवा. ती पुढे उपयोगी पडणार आहे.

भिवंडी किंवा मालेगाव येथे राहणाऱ्या मुलांना कंपन शिकवावे लागत नाही. यंत्रमाग सुरू झाले, की जमिनीची थरथर तळपायांना कळते. टिलरची थरथर मात्र पायांना नव्हे, हातांना कळते.

नांगराला बैल लागतात आणि मोठ्या ट्रॅक्टरला वळायला जागा लागते. कोकणातील भाताची खाचरे लहान असतात. घरामागची परसबाग तर त्याहूनही लहान असते. अशा ठिकाणी मागून चालत चालवायचा टिलर सोयीचा पडतो. लहान टिलरची रचना साधी असते. वर एक इंजिन, खाली एक आडवा दांडा, त्यावर बसवलेली पोलादी पाती आणि मागे धरायला दोन मुठी. दांडा फिरला, की पाती माती कापतात आणि उलटवतात. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स प्रांतात गिलगांड्रा येथे आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड या तरुणाने १९१२ मध्ये वडिलांच्या शेतावर अशा फिरत्या पात्यांचे प्रयोग सुरू केले. पहिली पाती माती बाजूला भिरकावून देत. मग त्याने टोकाशी काटकोनात वळलेली पाती तयार केली. आजच्या अनेक टिलरची पाती त्याच घडणीची असतात.

आता थरथरीकडे वळू. तिचे मूळ दोन ठिकाणी असते.

पहिले मूळ इंजिनात. लहान टिलरच्या इंजिनात बहुधा एकच सिलिंडर असतो. त्यात एक दट्ट्या वर-खाली धावतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर दट्ट्या सेकंदाला ५० वेळा वर जातो आणि ५० वेळा खाली येतो. प्रत्येक टोकाला तो क्षणभर थांबतो आणि उलट धावतो. प्रत्येक वेळी इंजिनाला धक्का बसतो. मोटारीच्या इंजिनात अनेक दट्टे असतात. एक वर जाताना दुसरा खाली येतो, त्यामुळे धक्के बरेचसे एकमेकांना मारून टाकतात. एकट्या दट्ट्याला असा जोडीदार नसतो. म्हणून फिरणाऱ्या दांड्यावर एक वजन लावतात. पण या वजनानेही काम पुरते होत नाही. वजन वाढवत गेले, तर वर-खाली होणारे धक्के कमी होतात, पण आडवे धक्के वाढतात. म्हणून कारागीर मधला मार्ग काढतात आणि थोडी थरथर शिल्लक राहतेच.

दुसरे मूळ मातीत. जमीन वाफशावर असेल, म्हणजे ओलही बरोबर आणि मातीही मोकळी असेल, तर पाती सहज आत जातात. जमीन कोरडी ठणठणीत असेल, तर पाती आत शिरत नाहीत. ती चाकासारखी जमिनीवरून पळू लागतात आणि यंत्र उड्या मारते. लहान टिलरला मागे एक उभा दांडा असतो. तो जमिनीत रुतवला, की यंत्राला लगाम बसतो आणि पात्यांना खोल जायला वेळ मिळतो. पुष्कळ लोक हा दांडा निरुपयोगी समजून काढून ठेवतात आणि मग यंत्र उडते म्हणून तक्रार करतात! कठीण जमीन एकाच फेरीत खोल खणण्याचा हट्टही असाच. आधी वरवर, मग थोडे खोल, असे दोन-तीन फेऱ्यांत काम केले तर यंत्रही शांत चालते आणि माणूसही.

रोजच्या थरथरीपेक्षा वेगळी थरथर सुरू झाली, तर यंत्र काहीतरी सांगत आहे असे समजावे. एक पाते वाकले असेल. दोऱ्या, वेली किंवा गवत दांड्याला गुंडाळले गेले असेल. जुन्या पात्यांत एकच नवे बसवल्यामुळे दोन्ही बाजूंचे वजन सारखे राहिले नसेल. इंजिनाचे नट-बोल्ट सैल झाले असतील. हे शेवटचे कारण फसवे आहे, कारण बोल्ट सैल झाला की थरथर वाढते आणि थरथर वाढली की बोल्ट आणखी सैल होतो. तपासताना इंजिन बंद करावे, पेट्रोलचे इंजिन असेल तर प्लगची वायरही काढावी, आणि मगच पात्यांजवळ हात न्यावा.

कधी सारे काही ठीक असते, तरी एका ठरावीक वेगावर मुठी एकाएकी जोराने थरथरू लागतात. येथे आपली पट्टी आठवा. मुठींचे लांब दांडे हेही पट्टीसारखेच आहेत. इंजिनाच्या धक्क्यांची चाल आणि दांड्यांची स्वतःची चाल जुळली, की थरथर अनेक पटींनी वाढते. याला अनुनाद म्हणतात. इंजिनाचा वेग थोडा कमी किंवा जास्त केला, की ती ओसरते.

एवढी काळजी कशासाठी? अमेरिकेत इंडियाना राज्यात बेडफर्ड येथे चुनखडीच्या दगडांचे कारखाने होते. तेथील कारागीर हवेच्या दाबाने चालणाऱ्या हातोड्याने दगड घडवीत. थंडीच्या सकाळी त्यांची बोटे पांढरीफटक पडत आणि बधिर होत. १९१८ मध्ये डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी तेथे जाऊन तपासणी केली. छिन्नी धरणाऱ्या डाव्या हाताला त्रास जास्त होतो, हे त्यांना दिसले. हा त्रास थरथरणाऱ्या हत्याराचा होता. दीर्घकाळच्या कंपनाने बोटांतील बारीक रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू बिघडतात. थंडीत रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि बोटांत रक्त पोहोचत नाही. उष्ण प्रदेशात बोटे पांढरी होताना सहसा दिसत नाहीत. तेथे काम संपल्यावरही मुंग्या येणे, शर्टाचे बटण लावता न येणे, हातातून वस्तू निसटणे या खुणांवर लक्ष ठेवावे.

युरोपीय संघाने २००२ मध्ये याविषयी नियम केला. हातांना बसणारे कंपन ५ मीटर प्रति सेकंद वर्ग असेल, तर दिवसाला ८ तास ही कमाल मर्यादा. त्याच्या निम्म्या कंपनापासूनच मालकाने उपाय सुरू करायचे. यातील हिशेब मोठा मजेशीर आहे. कंपन दुप्पट, म्हणजे १० झाले, तर वेळ निम्मी होत नाही. ती चौथाई, म्हणजे २ तास होते.

यंत्र थरथरले, की मूठ आणखी घट्ट धरावी असे कोणालाही वाटते. प्रत्यक्षात पकड जितकी घट्ट, तितके कंपन हातात जास्त उतरते. यंत्र ताब्यात राहील एवढीच पकड पुरे. साधे हातमोजे कंपन फारसे अडवत नाहीत, पण हात उबदार ठेवतात. दोघांनी आळीपाळीने यंत्र चालवणे सर्वांत स्वस्त पडते. मुंग्या रोज येऊ लागल्या, तर दवाखान्यात जावे. तेथे नुसते "हात दुखतो" असे म्हणून भागत नाही. कोणते यंत्र चालवतो आणि रोज किती तास, हेही डॉक्टरांना सांगावे लागते.

शब्दार्थ
परसबाग – घरामागची बाग. खाचर – बांध घातलेले भाताचे लहान शेत. वाफसा – पेरणी-मशागतीला योग्य अशी जमिनीची ओल. दट्ट्या – पिस्टन. बधिर – संवेदना नसलेला. आळीपाळीने – एकामागून एक, पाळी लावून.

स्वाध्याय
१. एका सिलिंडरचे इंजिन जास्त का थरथरते?
२. कारण सांगा : टिलर कोरड्या जमिनीवर उड्या मारतो.
३. तुमच्या घरी किंवा मोहल्ल्यात थरथरणारी कोणती यंत्रे आहेत? ती चालवणाऱ्याला विचारून पाच वाक्ये लिहा.