जीबीएस: विहिरीचे पाणी, कुक्कुटपालन आणि घरमाशी

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यातील सिंहगड रस्ता, नांदेड, किरकिटवाडी व धायरी परिसरात गुलेन बॅरे सिंड्रोम अर्थात जीबीएसचे रुग्ण एकाएकी वाढले. फेब्रुवारीपर्यंत संशयित रुग्णांची संख्या २०० च्या पुढे गेली. तपासासाठी केंद्राने पाठविलेल्या पथकात दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राचे तज्ज्ञही होते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला काही रुग्णांच्या शौच नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू आढळला. तपासाचा मुख्य रोख दूषित पाण्यावर होता.

या जीवाणूच्या बाह्य आवरणातील काही शर्करायुक्त घटक मानवी मज्जातंतूंवरील घटकांसारखे असतात. त्यामुळे जीवाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे क्वचित स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करतात. संसर्ग झालेल्या हजारातील साधारण एकालाच असे होते. अतिसारानंतर एक ते तीन आठवड्यांत पायांना मुंग्या येतात, अशक्तपणा पायांकडून वर चढतो आणि काहींना कृत्रिम श्वसनाची गरज भासते. अशा व्यक्तीस विनाविलंब रुग्णालयात न्यावे. इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलाचे उपचार लवकर सुरू झाल्यास अधिक उपयोगी ठरतात. जीबीएस स्वतः संसर्गजन्य नाही.

कोंबडीच्या आतड्यात हा जीवाणू सहज वाढतो, परंतु पक्षी बहुधा निरोगीच दिसतो. म्हणून कळप निरोगी दिसला तरी विष्ठा निर्धोक मानता येत नाही. ओल्या विष्ठेत घरमाशी अंडी घालते आणि पाय, तोंड व विष्ठेवाटे जंतू इतरत्र नेते. डेन्मार्कमध्ये २००६ च्या उन्हाळ्यात ब्रॉयलर शेडच्या हवा-झरोक्यांना माशीरोधक जाळ्या बसविल्यावर बाधित कळपांचे प्रमाण १५.४ टक्के राहिले. जाळ्या नसलेल्या शेडमध्ये ते ५१.४ टक्के होते. माशी रोखणे हा केवळ स्वच्छतेचा उपचार नसून रोगनियंत्रणाचा भाग आहे, हे यावरून स्पष्ट होते.

विस्तार कार्यकर्त्यांनी पुढील बाबींवर भर द्यावा:

• उष्ण हवामानात माशीचे जीवनचक्र सात ते दहा दिवसांत पूर्ण होते; त्यामुळे ओली विष्ठा आठवड्यातून दोनदा हलवून झाकून कुजवावी.
• गळणारी पाणीभांडी तत्काळ दुरुस्त करून गादी कोरडी ठेवावी. केवळ कीटकनाशक फवारणीवर विसंबू नये. माशांमध्ये प्रतिकारशक्ती निर्माण होते.
• प्रत्येक शेडसाठी स्वतंत्र पादत्राणे ठेवावीत.
• खताचा ढीग विहिरीच्या चढाच्या बाजूस नसावा.
• पिण्याचे पाणी उकळावे, अथवा स्वच्छ पाण्यात १,००० लिटरमागे सुमारे २.५ ग्रॅम चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर मिसळून एक तासानंतर वापरावे. गढूळ पाणी आधी निवळून घ्यावे.
• कोंबडीचे मांस पूर्ण शिजवावे. कच्चे मांस कापलेली सुरी व फळी धुतल्याशिवाय भाजीसाठी वापरू नये.

पावसाळ्यापूर्वी प्रत्येक कुक्कुटपालकाने शेड, खताचा खड्डा आणि विहीर यांची एकत्रित पाहणी करावी.