जुनी जीप, परकं इंजिन आणि नववीचा वर्ग



मागच्या वर्षी वृत्तचितीचं घनफळ शिकवताना वर्गात नेहमीचा प्रकार झाला. सूत्र पाठ, उत्तरं बरोबर, आणि चेहरे कोरे. डब्यात किती तेल मावेल, टाकीत किती पाणी मावेल, हीच उदाहरणं किती वर्षं द्यायची? तेवढ्यात शेवटच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "बाई, इंजिनाचा सीसी पण असाच काढतात का?"

हा मुलगा एरवी तोंड उघडत नाही. चाचणीत काठावर पास. वडिलांचं गावाबाहेर, घाटाच्या पायथ्याला गॅरेज आहे. दहावी झाली की तो तिथेच बसणार, असं घरातही ठरलेलं आणि खरं सांगायचं तर शाळेतही. मी म्हटलं, "हो, असाच काढतात. तुमच्या गॅरेजमध्ये बघायला मिळेल का?" पुढच्या शनिवारी आम्ही २८ जण तिथे पोहोचलो. त्या एका भेटीतून जो पाठ उभा राहिला तो इथे लिहिते आहे. त्यात माझी एक चूक झाली, तीही लिहिते. तुमच्याकडून तरी होऊ नये.

गॅरेजमध्ये काय पाहिलं

एक जुनी पेट्रोल जीप, बोनेट उघडं, इंजिन बाहेर काढून चेनब्लॉकला टांगलेलं. (मुलांना आधीच बजावलं होतं, टांगलेल्या वजनाखाली कोणीही जायचं नाही. गॅरेजच्या दारात चुन्याची रेघ मारून घेतली होती.) गाडी एका शेतकऱ्याची, आजोबांच्या काळातली. पेट्रोल परवडत नाही म्हणून त्यांना तिच्यात दुसऱ्याच कंपनीचं डिझेल इंजिन बसवून हवं होतं. मिस्त्रींनी अजून होकार दिला नव्हता, "बघू" म्हणाले होते.

मुलांना वाटलं, जुनं काढायचं, नवं ठेवायचं, चार बोल्ट आवळायचे. मिस्त्री हसले. "मॅडम, इंजिन बसवणं सोपं. ते बाकीच्या गाडीशी बोलायला लागलं पाहिजे, ते अवघड." आणि त्यांनी एकेक अडचण दाखवली.

पहिली, गिअरबॉक्स. इंजिनाच्या मागच्या तोंडावरची भोकं आणि बेल हाउसिंगची भोकं जुळत नाहीत. मध्ये जाड लोखंडी प्लेट कातून घालावी लागते. भोकं जुळवली म्हणजे संपलं नाही. क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य एका रेषेत यायला हवेत. केसभर फरक राहिला तरी क्लच धडधडतो आणि बेअरिंग खाल्लं जातं.

दुसरी, जागा. फोर बाय फोर गाडीत पुढच्या ॲक्सललाही डिफरन्शियलचा गोळा असतो. खड्ड्यात स्प्रिंग दबली की ॲक्सल वर येतो. इंजिनाचं ऑइल चेंबर तिथेच असेल तर धडकतं. म्हणजे गाडी उभी असताना सगळं छान दिसतं, आणि पहिल्याच ओढ्यात चेंबर फुटतं.

तिसरी, वीज. जुन्या जीपना ६ व्होल्टची बॅटरी असायची. डिझेल इंजिन फिरवायला सेल्फला जास्त ताकद लागते, म्हणून १२ व्होल्ट करावं लागतं, आणि मग दिवे, हॉर्न सगळंच बदलावं लागतं. चौथी, डिझेल. पंप आणि नोझलकडून उरलेलं डिझेल टाकीत परत जातं, त्यासाठी परतीची वेगळी नळी ओढावी लागते. शिवाय रेडिएटर, पंखा, सायलेन्सर, ॲक्सिलरेटरचा दांडा... यादी संपेना.

एक मुलगी म्हणाली, "बाई, हे अवयव बदलण्यासारखंच आहे." मला ते फार आवडलं.

थोडा इतिहास

ही जीप आपल्याकडे आली कुठून? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या विलीज कंपनीने सैन्यासाठी बनवलेली ही गाडी. महिंद्राने १९४७ पासून मुंबईत तिची जुळणी सुरू केली. १९५३ मध्ये विलीजची सीजे-३बी आली, तिचं बोनेट आधीच्या जीपपेक्षा चांगलंच उंच आहे. कारण? नव्या इंजिनात एक व्हॉल्व्ह बाजूला न ठेवता वर, हेडमध्ये नेला होता. इंजिन उंच झालं, म्हणून बोनेट उंच केलं. म्हणजे इंजिन बदललं की गाडीचा चेहराही बदलतो, हे कारखान्यालाही चुकलं नाही.

पुढे महिंद्राने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीचं एक्सडीपी ४.९० हे डिझेल इंजिन परवान्याने भारतात बनवलं आणि आपल्या जीपमध्ये बसवलं. अमेरिकन आराखड्याची गाडी, फ्रेंच आराखड्याचं इंजिन, जुळणी भारतातली. आपल्या भागात वडापच्या कितीतरी जीपच्या बोनेटखाली हेच इंजिन असायचं. मुलांच्या आईवडिलांनी त्यातून प्रवास केलेला आहे.

गणिताचा तास

सोमवारी फळ्यावर दोन इंजिनं मांडली.

पेट्रोल इंजिन: सिलिंडर ४, व्यास ७.९४ सेंमी, पिस्टनची धाव ११.११ सेंमी.
डिझेल इंजिन: सिलिंडर ४, व्यास ९ सेंमी, पिस्टनची धाव ८.३ सेंमी.

वृत्तचितीचं घनफळ म्हणजे π × त्रिज्येचा वर्ग × उंची. डिझेलसाठी ३.१४ × ४.५ × ४.५ × ८.३ = सुमारे ५२८. चार सिलिंडरचे २१११ घन सेंमी. कंपनीचा आकडा २११२! एकाचा फरक कुठून आला, यावर पाच मिनिटं चर्चा झाली आणि π ची किंमत ३.१४ धरल्यामुळे, हे मुलांनीच शोधलं. पेट्रोलचं उत्तर आलं सुमारे २१९९. इंजिनाच्या नावातला '४.९०' म्हणजे चार सिलिंडर, ९० मिमी व्यास, हे ओळखणारा शेवटच्या बाकावरचाच होता.

मग विचारलं, "दोघांचं घनफळ जवळजवळ सारखं, मग आकार इतका वेगळा का?" एक उभट पेला, एक बसका पेला, पाणी तेवढंच. घनफळ सारखं असूनही आकार वेगळा असू शकतो हे पुस्तकातल्या दहा उदाहरणांनी जमलं नसतं, ते इथे जमलं.

विज्ञानाचा तास

मुलांचा ठाम समज होता की डिझेलचं इंजिन जास्त ताकदीचं. आकडे बघितले तर उलट. सीजे-३बीच्या पेट्रोल इंजिनाचा पीळ, म्हणजे टॉर्क, सुमारे १५० न्यूटन मीटर. डिझेलचा सुमारे १२०.

मग चढ कसा चढतो? इथे गिअर आले. सीजे-३बी जीपचा पहिला गिअर २.८, ट्रान्स्फर केसचा लो गिअर २.४६, ॲक्सल ५.३८. तिन्हींचा गुणाकार जवळजवळ ३७. म्हणजे इंजिन ३७ वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा, आणि पीळ मात्र ३७ पट. १२० गुणिले ३७ म्हणजे ४४४०. घर्षणात काही जाईल, तरी उरतो तो पुष्कळ. चढ इंजिन एकटं चढत नाही, दातेरी चाकांचा गुणाकार चढवतो. सायकलचे गिअर वापरणाऱ्या मुलांना हे लगेच कळलं.

"बाई, पेट्रोल जास्त ताकदीचं असेल तर लोक डिझेल का बसवतात?" हाच तर हवा असलेला प्रश्न. पेट्रोल इंजिन मिश्रण ७ पटीच्या आसपास दाबतं, हे डिझेल इंजिन हवा २२ पटीहून जास्त दाबतं. दाबलेली हवा इतकी तापते की डिझेल ठिणगीशिवाय पेटतं. सायकलचा पंप जोरात मारल्यावर तळाशी गरम लागतो, तेच. जास्त दाबलं की त्याच इंधनातून जास्त काम निघतं. शिवाय डिझेल अनेक वर्षं पेट्रोलपेक्षा बरंच स्वस्त होतं. म्हणजे बदल ताकदीसाठी नव्हता, खिशासाठी होता.

६ आणि १२ व्होल्टचं गणितही करून घ्या. तेवढीच शक्ती हवी असेल तर व्होल्ट दुप्पट केल्यावर विद्युतधारा निम्मी होते, आणि त्याच तारेत वाया जाणारी उष्णता चौथाई.

माझी चूक

इतकं छान चाललेलं पाहून मी वर्गात म्हणून गेले, "बघा, आपले मिस्त्री कुठलंही इंजिन कुठल्याही गाडीत बसवतात. याला म्हणतात हुशारी!" टाळ्या झाल्या. तो मुलगा मात्र खाली बघत होता.

सुट्टीत तो माझ्याकडे आला. "बाई, आमच्या काकांच्या जीपला असंच दुसरं इंजिन होतं. घाटात अपघात झाला. विम्याचे पैसे मिळाले नाहीत. इंजिन नंबर आरसीशी जुळत नाही म्हणाले. इंजिन पप्पांनीच बसवलं होतं. काका अजून आमच्याशी बोलत नाहीत." थोडं थांबून म्हणाला, "पप्पांचं काम चोरीचं आहे का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं, "मला माहीत नाही. आपण शोधू."

नागरिकशास्त्राचा तास

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ आम्ही मिळून वाचलं. मूळ कायद्यात नोंदणी कार्यालयाला कळवून, त्यांची मान्यता घेऊन गाडीत बदल करता येत असे. २००० साली दुरुस्ती झाली. आता आरसीवरचा तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सीएनजी, एलपीजी, बॅटरी अशा वेगळ्या इंधनासाठी ठरलेल्या अटी पाळून बदल करायला वाट ठेवली आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ असाच लावला. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

"पण का?" मुलांनी विचारलं. उत्तरं त्यांच्याकडूनच काढली. ब्रेक जुन्या इंजिनाच्या वेगाला पुरतील असे केलेले असतात. पुढचं वजन वाढलं की स्टिअरिंग आणि स्प्रिंग बदलतात. धूर किती, हे कोणी तपासलेलं नसतं. चोरीच्या गाडीचं इंजिन असेल तर? आणि रस्त्यावर आपण एकटे नसतो.

मग त्या मुलाला वर्गासमोर नाही, बाजूला घेऊन सांगितलं. "आजोबांच्या काळात परवानगी घेऊन असं इंजिन बसवता येत होतं. मधे कायदा बदलला, आणि गॅरेजपर्यंत ती बातमी कोणी नीट पोचवली नाही. पप्पांचं कौशल्य खरं आहे. चोरी नाही ती. पण कागद नसलेलं काम दुसऱ्याच्या जिवावर आणि पैशावर बेतू शकतं, हेही तितकंच खरं." तो काही बोलला नाही. कलम ५२ चा छापील कागद मात्र घडी घालून खिशात ठेवला.

पुढे काय झालं

पंधरा दिवसांनी मिस्त्री शाळेत आले. मला वाटलं, रागावून आलेत. म्हणाले, "मॅडम, त्या शेतकऱ्याला नाही सांगितलं. त्याचं जुनंच इंजिन उघडलंय. बोअर करून, नवे पिस्टन-रिंग टाकून देतो. पोरानं कागद वाचून दाखवला मला. दोनदा." मग जरा थांबून, "भावाकडं पण जाऊन आलो." तिथे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

इंजिन जोडताना मुलाने पिस्टनचं माप स्वतः घेतलं. बोअर केल्यावर व्यास वाढतो, म्हणजे सीसी किती वाढला, हे त्याने वहीत काढून आणलं. उत्तर बरोबर होतं. एकक लिहायचं राहिलं होतं, तेवढं मी लाल पेनाने लिहिलं.

तुमच्या वर्गात करून पाहा

१. घरातल्या मोटरसायकलच्या माहितीपुस्तकातून व्यास आणि पिस्टनची धाव शोधा, सीसी काढा, छापील आकड्याशी ताडून पाहा.
२. सायकलचे पुढचे-मागचे दाते मोजून गुणोत्तर काढा आणि चढावर कोणतं गुणोत्तर बरं पडतं ते चालवून पाहा.
३. पालकांसोबत घरच्या गाडीचं आरसी बघा. इंजिन नंबर, चासी नंबर गाडीवर कुठे कोरलाय ते शोधा.
४. वर्गात चर्चा: "जमतं म्हणून करावं का?" बाजू मांडताना कारण द्यायचंच.

पालकांना एक विनंती. मूल हाताने हुशार असेल तर "अभ्यासात लक्ष नाही" म्हणून त्याला बाजूला टाकू नका. त्याच्या हातातल्या पान्यातही गणित आहे, विज्ञान आहे, कायदा आहे. आणि शिक्षकांना एक. ज्याचं उत्तर आपल्याला येत नाही असा प्रश्न मुलाने विचारला, तर "मला माहीत नाही, आपण शोधू" एवढं म्हणून बघा. माझा त्या वर्षीचा सगळ्यात चांगला तास त्या वाक्यानंतर सुरू झाला.