हिरव्या ठिपक्याचा भरवसा

सांगलीच्या आमच्या लहानशा कारखान्यातील नाचणीची बिस्किटे मलेशियास धाडण्याचे जेव्हा निश्चित झाले, तेव्हा ज्या पदार्थात मांस नाही, अंडे नाही, चरबीचा अंश नाही आणि ज्याच्या वेष्टनावर शाकाहाराचा हिरवा ठिपका आहे, तो पदार्थ हलाल असणारच, अशी माझी दृढ समजूत होती. आणि त्या समजुतीपायी मला जे सोसावे लागले, ते परमुलुखात माल पाठवू इच्छिणाऱ्यांपुढे मांडणे मी माझे कर्तव्य समजतो.

एका संस्थेने कारखान्यात पाऊलही न टाकता मला हलालचा दाखला दिला. या तत्परतेने साशंक होण्याऐवजी मी संतुष्ट झालो आणि तिचे चिन्ह वेष्टनावर छापून न्हावा-शेवा बंदरातून माल रवाना केला. पोर्ट क्लांगहून आयातदाराने कळवले, की या संस्थेचे नाव ‘जाकिम’च्या, म्हणजे मलेशियाच्या इस्लामी विकास खात्याच्या, मान्यताप्राप्त परदेशी संस्थांच्या यादीत नाही, सबब हे चिन्ह असलेले एकही पाकीट आपण दुकानात ठेवू देणार नाही.

ते गृहस्थ योग्यच बोलत होते. २०११ च्या तेथील हुकमान्वये जाकिमने किंवा तिने मान्य केलेल्या परदेशी संस्थेने प्रमाणित केल्यावाचून आयात खाद्यपदार्थास हलाल म्हणता येत नाही, आणि गुन्हा शाबीत झाल्यास व्यक्तीला १ लाख रिंगिटपर्यंत दंड, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा या दोन्ही शिक्षा होऊ शकतात. चिन्ह नसते, तर तीच बिस्किटे निर्वेध विकली गेली असती, कारण असल्या मालास हलालचा दाखला तेथे सक्तीचा नाही. अपराध मालाचा नव्हता, माझ्या अनधिकृत दाव्याचा होता. प्रत्येक पाकिटावरील चिन्ह झाकण्याची मजुरी आणि गोदामाचे भाडे मी भरले, पण सहा महिन्यांच्या मुदतीतले दोन महिने गेले, ते कोण भरून देणार?

यानंतर मान्यताप्राप्त संस्थेचे तपासनीस आले, आणि माझे खरे शिक्षण तेव्हा सुरू झाले. व्हॅनिलाचा अर्क कशात विरघळवला आहे, त्यात मद्यार्क असल्यास तो कोठून आला आणि तयार मालात त्याचे प्रमाण किती उरते, ४७१ क्रमांकाच्या पायसीकारकाचे मूळ वनस्पतिजन्य असल्याचा पुरवठादाराचा कागद कोठे आहे, असे त्यांनी विचारले. आणि बिस्किटांवर दूध फिरवण्याचा ब्रश हाती घेऊन त्याचे केस कशाचे, हेही विचारले. ते डुकराचे निघाले. ज्या ब्रशाने वर्षानुवर्षे आमचे शाकाहारी पदार्थ तयार होत होते, त्याच्याकडे मी तोवर कधी पाहिलेच नव्हते.

घटकांच्या यादीत न दिसणारी वस्तूही किती निर्णायक ठरते, याचे उदाहरण इंडोनेशियात घडून गेले आहे. आपल्याकडे चायनीजच्या गाड्यांमुळे ज्या पांढऱ्या पुडीला कंपनीचेच नाव पडले, त्या अजिनोमोटोत डुकराचा अंश नव्हता. परंतु ती तयार करणाऱ्या जिवाणूंच्या पोषणद्रव्यासाठी डुकरापासून मिळवलेले विकर वापरले गेल्याचे उघडकीस आले, उलेमांच्या परिषदेने ती निषिद्ध ठरवली आणि २००१ च्या जानेवारीत सारा माल बाजारातून परत घ्यावा लागला. हा काटेकोरपणा पुष्कळांना अतिरेक वाटतो. मला वाटत नाही. माझी आई एकादशीच्या साबुदाण्याचे भांडेही निराळे ठेवी, आणि तिला कोणी फसवून कांद्याचा हात लागलेले काही वाढले असते, तर आम्ही ते क्षमा केले नसते. क्लांगच्या दुकानात उभी असलेली गृहिणी कारखान्यात येऊन पाहू शकत नाही; तिच्या हाती केवळ ते चिन्ह असते.

इंडोनेशियाचा रिवाज निराळा आहे. २०१४ च्या ३३ व्या कायद्याने तेथे अन्नपेयांस हलालचा दाखला सक्तीचा केला असून आयात मालासाठी १७ ऑक्टोबर २०२६ ही सवलतीची शेवटची मर्यादा ठरली आहे. निषिद्ध घटकांचा माल तसा स्पष्ट उल्लेख करून विकता येतो. परदेशी दाखला तेथील यंत्रणेने मान्य केलेल्या संस्थेचा असावा लागतो आणि माल बाजारात येण्यापूर्वी त्याची नोंदही करावी लागते. म्हणून एका देशाच्या यादीवर विसंबून दुसऱ्या देशात माल नेऊ नये.

तुम्ही माल पाठवणार असाल, तर संस्थेचे नाव ज्या देशात माल जाणार त्या देशाच्या चालू यादीत स्वतः पाहा, आयातदाराकडून त्याची लेखी खातरजमा करून घ्या, प्रत्येक पुरवठादाराकडून मूळ द्रव्याचा कागद मागा, आणि हे सारे हाती येईपर्यंत वेष्टनाची छपाई थांबवा.