सहासष्ट कुपने

अन्नाखालोखाल मनुष्याला वस्त्राची गरज असते. परंतु वस्त्रे पुष्कळ असली म्हणजे मनुष्य नीटनेटका दिसतोच असे नाही. आणि ती मोजकी असली म्हणजे तो गबाळा दिसतो असेही नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमधील लोकांना ही गोष्ट अनुभवाने पटली.

ब्रिटन हे बेट. तेथे कापूस पिकत नाही. तो जहाजांतून आणावा लागे. शत्रूच्या पाणबुड्या ही जहाजे बुडवू लागल्या. शिवाय पुष्कळशा गिरण्या व मजूर सैनिकांच्या गणवेशांच्या कामी गुंतले. कापड थोडे आणि मागणी मोठी, अशी अवस्था झाली. अशा वेळी भाव भडकतात. श्रीमंत हवे ते घेतात आणि गरिबांचे हाल होतात. हे टाळण्यासाठी १ जून १९४१ रोजी सरकारने कपड्यांवर नियंत्रण जाहीर केले. पहिल्या वर्षासाठी प्रत्येकाच्या वाट्याला ६६ कुपने आली. कपड्याचे पैसे द्यावयाचेच. पण त्याबरोबर ठरावीक कुपनेही द्यावयाची. थैली कितीही जड असो, कुपने संपली की नवा कपडा मिळत नसे.

आता गृहिणींपुढे हिशेबाचा प्रश्न उभा राहिला. लोकरी झग्यास ११ कुपने पडत, स्कर्टला ७, पोलक्याला ५, लांब कोटाला १४ आणि बुटांच्या जोडीला ५. एखादीने सहा झगे घेतले, तर सहासष्टच्या सहासष्ट कुपने संपत. पायांत घालावयास बूटही मिळत नसत. उलट, दोन स्कर्ट आणि तीन पोलकी घेतली, तर २९ कुपने लागत. रंग एकमेकांशी जुळणारे असले, की प्रत्येक स्कर्टवर तिन्ही पोलकी शोभत आणि पाच कपड्यांतून सहा निरनिराळे वेष सिद्ध होत. उरलेल्या ३७ कुपनांत कोट व बूट घेऊनही १८ कुपने शिल्लक राहत. जो कपडा एकाच कपड्याबरोबर शोभतो, तो स्वस्त असूनही महागच पडतो. जो अनेकांबरोबर शोभतो, तोच खरा काटकसरीचा.

परंतु चांगली निवड ही अर्धीच गोष्ट झाली. उरलेली अर्धी म्हणजे जपणूक. १९४३ मध्ये सरकारने एक पुस्तिका काढून आहे ते कपडे कसे सांधावे व टिकवावे, हे लोकांस शिकविले. विरलेली जागा फाटण्यापूर्वीच रफू करावी, जुन्या स्वेटरची लोकर उसवून पुन्हा विणावी, असे उपाय घरोघर होऊ लागले. घोंगड्यांचे कोट झाले. मुलांना तोकडे झालेले कपडे देऊन मोठ्या मापाचे घेण्याची केंद्रेही निघाली.

युद्ध संपले, तरी टंचाई संपली नाही. २० नोव्हेंबर १९४७ रोजी राजकन्या एलिझाबेथ हिचा विवाह झाला. तिच्या विवाहवस्त्रासाठीही कुपने लागली. अनेकांनी प्रेमाने आपली कुपने तिला पाठविली. परंतु एकाची कुपने दुसऱ्याने वापरणे कायद्याला धरून नसल्याने ती परत करण्यात आली. अखेर १५ मार्च १९४९ रोजी हे नियंत्रण उठले.

जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणाऱ्या आपल्याकडील घरांना ही शहाणीव नवी नाही. अंथरूण पाहून पाय पसरावे, असे आपण म्हणतो. त्याचा अर्थ नुसते आखडून बसणे नव्हे. आहे तेवढ्या अंथरुणात नीट झोपता यावे, ही त्यातील खरी युक्ती आहे.

शब्दार्थ : नियंत्रण – सरकारी बंधन. सांधणे – जोडणे. विरणे – झिजून पातळ होणे.

स्वाध्याय
१. ब्रिटनमध्ये कापडाची टंचाई का निर्माण झाली?
२. नुसत्या पैशाने कपडा मिळत नसे, यामुळे गरिबांचा कोणता लाभ झाला?
३. तीन स्कर्ट व चार पोलकी घेतल्यास किती वेष होतील? कुपने किती लागतील?
४. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' या म्हणीचा अर्थ स्वतःच्या शब्दांत लिहा.