खांद्याच्या व्यायामासाठी घरची कप्पी

प्रश्न : दंडाचे हाड खांद्याजवळ मोडले होते. आता झोळी निघाली आहे, पण हात वर जात नाही. व्यायामाची कप्पी घरी करता येईल का?

उत्तर : हात बराच काळ झोळीत राहिला की सांध्याभोवतीचे आवरण आखडते आणि स्नायूही दुबळे होतात, अशा वेळी निरोगी हाताने दोरी ओढून दुखावलेला हात वर नेण्याच्या व्यायामास साहाय्यित हालचाल म्हणतात. त्यासाठी हार्डवेअरच्या दुकानातील साधी कप्पी, तिच्या खाचेत नीट बसणारी सुती दोरी आणि मुठींसाठी पीव्हीसी नळीचे वीतभर लांबीचे, कडा घासलेले दोन तुकडे पुरतात. खरा प्रश्न कप्पी टांगण्याचा असतो: पडद्याचा दांडा किंवा चौकटीतला खिळा हा भार पेलेलच असे नाही, तर झोपाळ्याची पक्की कडी, घरात असल्यास, सर्वांत भरवशाची. एकाच जागी टांगलेली कप्पी बळ वाचवत नाही, केवळ ओढीची दिशा बदलते. त्यामुळे किती जोर लागतो हे निरोगी हाताला सतत कळत राहते, आणि घरगुती साधनात हा मोठाच गुण मानावा लागेल. ताण जाणवला तर चालतो, तीव्र कळ आली तर थांबावे. मात्र हाड पुरेसे जुळल्याचे क्ष-किरण चित्रावरून डॉक्टरांनी सांगेपर्यंत, तसेच फाटलेला स्नायुबंध शस्त्रक्रियेने शिवला असल्यास त्यांची परवानगी मिळेपर्यंत, कप्पीला हात लावू नये. सायकलच्या जुन्या ट्यूबचा रबरी पट्टा किंवा अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली ही ताकद वाढवण्याची साधने त्यानंतरची.