दुपारचं औषध, रात्रीचं जागरण

मूल रात्री झोपत नाही म्हटलं की ज्याच्या त्याच्याकडे उपाय तयार असतो. सासूबाई सहाणेवर जायफळाचे दोन वळसे जास्त घ्यायच्या, शेजारच्या काकू मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढायच्या आणि नवरा रात्री अकराला लेकीला गाडीत घालून घोडबंदर रोडवर फिरवून आणायचा. दीड वर्षाची पोर संध्याकाळी पाळणाघरातून यायची ती पेंगुळलेली, जेवायलाही कुरकुर करायची. साडेनऊ वाजले की मात्र अशी टवटवीत व्हायची की एक वाजेपर्यंत घरात कुणाचा डोळा लागायचा नाही. आम्ही सगळे रात्रीच्या मागे लागलो होतो. भानगड दुपारची होती.

एकदा ऑफिसातून लवकर सुटले म्हणून न कळवता साडेतीनला पाळणाघरात गेले. सतरंजीवर मुलं ओळीनं झोपलेली. कुणी कूस बदलत नव्हतं, कुणी चुळबुळत नव्हतं. या वयाची इतकी मुलं एकाच वेळी अशी निपचित पडत नाहीत, हे ज्याच्या घरात एक जरी आहे त्याला कळतं. लेकीला उचललं तर मान माझ्या खांद्यावर लुळी. हाका मारल्या, गाल थोपटले. डोळे अर्धवट उघडले आणि परत मिटले. खिडकीत सिरपची चिकट झालेली बाटली होती, टोपणाच्या तळाशी गुलाबी ओघळ. ‘‘सर्दीचं साधं औषध आहे. सगळ्यांनाच देतो थोडं, शांत पडतात,’’ बाई म्हणाल्या. लपवाछपवी काहीच नाही, आणि मला धसका बसला तो त्याचाच.

बाटलीचा फोटो घेऊन तशीच बालरोगतज्ज्ञांकडे गेले. त्यात क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन अशी जोडी होती. पहिल्यानं गुंगी येते. खरं तर तो दुष्परिणाम, पण पाळणाघरात तोच कामाला लावलेला. डिसेंबर 2023 मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी या जोडीच्या बाटल्यांवर ‘चार वर्षांखालील मुलांना देऊ नये’ असं छापायला कंपन्यांना सांगितलं आहे. क्लोरफेनिरामिनच्याच वर्गातलं प्रोमेथाझिन तर आणखी वाईट. ते दोन वर्षांखालच्या मुलांचा श्वास मंदावू शकतं, मृत्यूही झालेले आहेत. अमेरिकेत 2004 पासून त्यावर ठळक इशारा छापतात. शिवाय काही मुलं अशा औषधानं झोपण्याऐवजी चेकाळतात.

मुलांना गुंगीत ठेवणं नवं नाही. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना अफूची ‘बाळागोळी’ चाटवून कामावर जायच्या. 1920च्या दशकातल्या सरकारी अहवालांत त्याची नोंद आहे. त्या बायांना दुसरा इलाज नव्हता. महिन्याला फी घेणाऱ्यांना आहे.

पाळणाघर बदललं, तरी लेक लगेच शहाण्यासारखी झोपू लागली नाही. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून 11 ते 14 तासांची झोप पुरते. त्यातले चार तास दुपारीच संपले, तर रात्रीच्या वाट्याला उरणार किती? नव्या ताईंना एवढंच सांगितलं, तीन वाजले की उठवा, रडली तरी चालेल. घरी सकाळी उठायची वेळ ठरवली. रात्री कितीही जागरण झालेलं असो, सातला पडदे उघडायचे आणि तिला उन्हात न्यायचं. माझ्या मते सगळ्यात जास्त गुण आला तो याचा. रात्री साडेसातला वरणभात, मग अंघोळ, मंद दिवा, मोबाइल दुसरीकडे. टीव्हीवरून सासूबाईंशी जरा वाजलं, पण मालिका आता सकाळी पुन्हा दाखवतात तेव्हा त्या बघतात.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. एवढ्या लहान मुलाच्या झोपेचं आवर्तन साधारण तासाभराचं असतं आणि दोन आवर्तनांच्या मध्ये ते किंचित जागं होतं. मांडीवर झोपवून अलगद गादीवर ठेवलेलं मूल मग मांडी शोधतं आणि ती सापडली नाही की भोकाड पसरतं. म्हणून डोळे जड झाले की, पण पुरते मिटायच्या आत, गादीवर ठेवायचं आणि थोपटणं हळूहळू कमी करत न्यायचं. मुलाला वेगळ्या खोलीत रडू देण्याचा सल्ला इंग्रजी पुस्तकांत असतो. आमच्या वन बीएचकेत ती वेगळी खोलीच नाही, आणि तिच्यावाचून अडलंही नाही.

जायफळही बंद केलं. ते जास्त झालं तर गुंगी येते, छाती धडधडते. सासूबाईंना हे डॉक्टरांनी सांगितलं म्हणून पटलं. मी सांगितलं असतं तर पटलं नसतं. वर्षाच्या आतल्या बाळाला गुटीत मध तर मुळीच नको.

सहा महिन्यांच्या आतलं बाळ रात्री दुधासाठी उठणारच, त्याच्यावर हे प्रयोग करू नका. मूल रोज घोरत असेल, तोंडानं श्वास घेत असेल तर अ‍ॅडिनॉइड्स वाढलेत का, ते डॉक्टरांकडून तपासून घ्या. आणि पाळणाघर कितीही चांगलं वाटलं तरी एखाद्या दुपारी न सांगता जाऊन या. मूल किती वाजता झोपतं, किती वेळ झोपतं ते विचारा. सरळ उत्तर मिळालं नाही, तर दुसरं पाळणाघर बघा.