कंबर धरली तर चोळून घ्यावी की मणका बसवून घ्यावा?



१ जून ते ३१ जुलै ही बंदी लागली की होड्या किनाऱ्याला लागतात आणि दहा महिने दाबून ठेवलेली दुखणी वर येतात. संस्थेच्या कार्यालयात सध्या डिझेलच्या भावापेक्षा कंबरेचीच चर्चा जास्त चालते. कोणी म्हणतो, "खोबरेल कोमट करून चोळून घे, दोन दिवसांत उभा राहशील." कोणी मोबाईलवर व्हिडिओ दाखवतो. माणूस पालथा झोपलेला असतो, वरचा त्याच्या पाठीवर झटक्याने दाब देतो, कट्ट असा आवाज येतो आणि माणूस हसत उठतो. "हे कायरोप्रॅक्टिक. मणका जागेवर बसवतात," असं सांगितलं जातं.

मग यातलं काय करावं? हा प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला, म्हणून आजचा पाठ त्यावर.

आधी आमची चूक सांगतो

गेल्या ऑगस्टमध्ये बंदी उठल्यावर आपल्या एका खलाशी सभासदाची कंबर जाळं ओढताना धरली. कळ डाव्या पायात पोटरीपर्यंत उतरत होती. तो कार्यालयात आला तेव्हा आम्हीच त्याला म्हटलं, "अरे, उसण भरलीय. जा, जरा चोळून घे." त्याने चोळून घेतलं. मग कोणाच्या तरी सांगण्यावरून पाठीला झटकाही देऊन घेतला. एक रात्र बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी दोन्ही पायांना मुंग्या आल्या, बसायची जागा बधिर झाली आणि लघवी होईना. घरच्यांना वाटलं पाणी कमी प्यायलं असेल. रात्री त्याच्या बायकोचा आम्हाला फोन आला. १०८ बोलावून त्याला बांबोळीला गोमेकॉत नेलं. मणक्यांमधली गादी सरकून खालच्या नसांवर बसली होती. शस्त्रक्रिया झाली. आज तो चालतो, पण डावं पाऊल अजून ओढतं. होडीवर जात नाही, जेटीवर जाळी विणतो.

डॉक्टरांनी सांगितलं की झटक्यानेच हे झालं असं ठामपणे म्हणता येणार नाही, गादी आधीच सरकली असू शकते. पण पायात कळ उतरते हे कळल्यावर आधी तपासणी व्हायला हवी होती. आणि लघवी अडली तेव्हा तर एक तासही घालवायला नको होता. ही गोष्ट त्याच्या परवानगीने लिहितो आहोत. "दुसऱ्या कुणाचं असं होऊ नये," एवढंच तो म्हणाला.

मालिश काय करते?

मालिश स्नायूंवर काम करते. रापण ओढून, वल्हवून किंवा तासन् तास वाकून मासळी निवडून स्नायू आखडतात. दाबल्याने ते सैल पडतात, तिथला रक्तप्रवाह वाढतो, मन शांत होतं, झोप लागते. कंबरेला दोन्ही बाजूंनी जड वाटतं, दाबलं की "हां, इथंच" असं बरं वाटतं आणि पायात काही उतरत नाही, तर मालिश उपयोगी पडते. पण हा आराम थोड्या दिवसांचा असतो. कारण तसंच राहिलं तर दुखणं परत येतं.

कायरोप्रॅक्टिक म्हणजे काय?

ही पद्धत अमेरिकेतली. १८९५ मध्ये आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावात डी. डी. पामर यांनी ती सुरू केली. नाव ग्रीक शब्दांवरून आलं, अर्थ 'हाताने केलेलं काम'. यात मुख्यतः सांध्यांवर काम होतं. मणक्याच्या आखडलेल्या सांध्याला नेमक्या दिशेने छोटा, वेगवान झटका देतात.

तो कट्ट आवाज मणका जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. सांधा एकदम ताणला की त्या द्रवात वायूची पोकळी तयार होते आणि आवाज येतो. बोटं मोडताना होतं तेच. त्यामुळे आवाज मोठा आला म्हणून उपचार चांगला झाला असं धरू नका. निरोगी माणसाचा मणका वाकल्याने जागचा हलत नाही, आणि खरोखरच हलला असेल तर तो हाताच्या झटक्याने बसवायचा नसतो.

मग हे सगळं थोतांड का? तसंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. माहिती देणं आणि व्यायाम यांच्याबरोबर मालिश आणि मणक्यावरचे हाताचे उपचार हे दोन्ही त्यात आहेत. म्हणजे दोन्हींना जागा आहे, पण एकटं कोणतंच पुरेसं नाही. त्याच सूचनांत कंबरेचा पट्टा आणि वजन लावून ताण देणं हे नेहमीच्या उपचारात नको असं म्हटलं आहे. आपल्याकडे निम्मे तांडेल पट्टा बांधून फिरतात, त्यांनी हे लक्षात घ्यावं.

मग कुणी कुठे जावं?

१. श्रमाने अंग आखडलंय, पायात कळ नाही: गरम पाण्याची पिशवी, हलकी मालिश, थोडं चालणं. बहुतेकांचं काही आठवड्यांत आपोआप कमी होतं. अंथरुणाला खिळून राहू नका, त्याने कंबर जास्त आखडते.

२. वाकताना-वळताना एकाच जागी अडकल्यासारखं होतं, पायात काही नाही: आधी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट यांना दाखवा. तपासणीनंतर शिकलेल्या माणसाकडून सांधा मोकळा करून घेतल्यास फायदा होऊ शकतो.

३. कळ गुडघ्याखाली उतरते, मुंग्या येतात: ना मालिश, ना झटका. आधी डॉक्टर.

झटका कुणी घेऊ नये?

हाडं ठिसूळ झालेल्यांनी. पाळी गेलेल्या आपल्या मासेविक्रेत्या मावशींनी हे विशेष लक्षात ठेवावं, वर्षानुवर्षं डोक्यावर पाटी वाहिलेली असते. बरेच दिवस स्टिरॉइड घेतलेल्यांनी, रक्त पातळ होण्याची गोळी चालू असलेल्यांनी, कॅन्सर झालेल्यांनी, नुकतंच पडलेल्यांनी. संध्याकाळी बारीक ताप, वजन घटणं आणि रात्री जागं करणारी पाठदुखी असेल तर मणक्याचा क्षयही असू शकतो. तिथे हात लावू देऊ नका.

मानेचं तर आणखी जपा. दाढी झाल्यावर खुर्चीतच मान कट्टकन मोडून घ्यायची आपल्यात सवय आहे. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या मानेतून जातात. क्वचितच घडतं, पण झटक्याने ती वाहिनी आतून फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. त्या फुकटच्या सेवेला नम्रपणे नको म्हणा.

मालिशही सगळ्यांसाठी नाही. एकाच पायाची पोटरी सुजली, लाल-गरम झाली तर चोळू नका. आत रक्ताची गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. ताप, जखम, मोड असेल तिथेही मालिश नको.

तसंच उठून दवाखान्यात जा

बसायची जागा बधिर होणं, लघवी अडणं किंवा लघवी-शौचावरचा ताबा जाणं, पायातली ताकद जाणं. पाठीबरोबर छातीत दाब, घाम, धाप. यातलं एकही असलं तर १०८ लावा. समुद्रात असाल तर होडी परत फिरवा. एका फेरीची मासळी गेली तर पुढच्या फेरीत मिळेल.

पैसे देण्याआधी विचारा

आपल्या देशात कायरोप्रॅक्टरसाठी वैद्यकीय परिषदेसारखी वेगळी वैधानिक परिषद नाही. ब्रिटनमध्ये त्यांच्यासाठी १९९४ चा कायदा आहे, नोंदणी सक्तीची आहे. इथे पाटी कुणीही लावू शकतो. म्हणून चौकशी आपणच करायची. शिक्षण कुठे झालं? हात लावण्याआधी आजार, गोळ्या, जुन्या दुखापती विचारतो का, तपासतो का? पहिल्याच दिवशी बारा बैठकींचे पैसे आगाऊ मागतो का? चार-पाच वेळा जाऊनही फरक नसेल तर थांबा. मालिशवाल्यालाही हाच नियम. दुखतंय म्हटल्यावर जो हात हलका करत नाही, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.

टिकणारा उपाय

तो आपल्याच हातात आहे. रोज अर्धा तास चालणं. सकाळी उताणं पडून एकेक गुडघा छातीशी घेणं, मग गुडघे वाकवून कंबर वर उचलून पाच मोजेपर्यंत धरणं, दहा-दहा वेळा. कळ वाढली तर थांबायचं. होडीवर भरलेला क्रेट दोघांनी उचलायचा, अंगाजवळ धरायचा, उचलता उचलता कमरेतून वळायचं नाही. जाळं ओढताना दर थोड्या वेळाने जागा बदलायची. आणि दुखतंय म्हणून रोज गोळी खाऊन समुद्रात जायचं नाही. कमी पाणी, उन्हातलं काम आणि दुखण्याची गोळी हे तिन्ही मिळून मूत्रपिंडाला घातक ठरतं.

उजळणी

कळ पायात उतरते का? लघवी-शौच ठीक आहे का? ताप, वजन, जुना आजार? या तीन प्रश्नांची उत्तरं आधी, मालिश की झटका ते नंतर.

हेच तीन प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहून कार्यालयाच्या दारावर लावले आहेत. यापुढे कुणी कंबर धरून आला तर आम्ही "जा, चोळून घे" म्हणणार नाही, आधी हे तीन विचारू. तुम्हीही आपल्या होडीवर विचारा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना हे वाचून दाखवा.



आपले,
संस्थेचे सचिव व कार्यालयीन मंडळी